ताकदीची पावडर

आमच्या गावात सेकंद मोजायचे ते दोघांचेच. बैलगाडा शर्यतीच्या चढावर, घाटात पळणाऱ्या गोरखच्या बैलांचे आणि त्याची बहीण सारिका हिचे. गाडा अकरा सेकंदांत घाट चढला की भंडारा उधळायचा, आणि सारिका दोनशे मीटर साडेतेवीसमध्ये पळाली की कान्हे स्टेशनपासून मिरवणूक. मी तिचा शाळेतला खेळाचा मास्तर. अनवाणी पळणारी ही पोर मी हेरली, हे मी आजही छाती काढून सांगतो. पुढचं सांगत नाही.

बँकॉकहून तिनं भारतासाठी कांस्यपदक आणलं, तेव्हा फ्लेक्सवर डावीकडे ती होती आणि उजवीकडे बैल. तिला त्याचं फार हसू आलं होतं.

मग ती चैत्रातली जत्रा आली. शिबिरातून आठ दिवसांच्या सुट्टीवर सारिका घरी आली ती अगदी वाळून. तिची आई कस्तुराबाई, तिचा जीव तुटला. गोठ्यात बैलांना रोज दूध, अंडी आणि गोरखनं कुठूनतरी आणलेली ताकदीची पावडर मिळायची. कस्तुराबाईला वाचता येत नाही. बैलांना मानवतंय ते पोरीला का मानवणार नाही, एवढाच तिचा विचार. आठ दिवस तिनं दुधात चमचा चमचा घातलं. पोरीला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही; दूध पाजताना कोण सांगतं?

पुढच्याच आठवड्यात उत्तेजक द्रव्यांची चाचणी झाली आणि सारिका दोषी ठरली. "मी काही घेतलं नाही," एवढंच ती चौकशीत सांगत राहिली. नाही घेतलं तर आलं कुठून, हे तिलाही माहीत नव्हतं. चार वर्षांची बंदी बसली. बंदीत शिकवायलाही मनाई असते. खेळामुळे लागलेली नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न मोडलं. कस्तुराबाईनं पोरीशी बोलणं टाकलं. शाळेच्या भिंतीवरचा तिचा फोटो मी स्वतः स्टुलावर चढून काढला. खिळासुद्धा ठेवला नाही.

आता ती लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर असते. कंपन्यांची माणसं सहलीला येतात, त्यांच्या लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत असल्या गमती ती घेते. जेवणं झाली की एखादा पोट सुटलेला साहेब म्हणतो, "मॅडम, माझ्याबरोबर पळून दाखवा." मॅनेजर धवलचा नियम आहे, पाहुणा जिंकला पाहिजे. ती हरते, साहेब फोटो काढतो. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटण्याऐवजी 'भोग आपल्या कर्माची फळं' असं मी म्हणालो होतो. जीभ झडायला हवी होती माझी.

गेल्या सप्टेंबरात वडगावला तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. गोरखची मुलगी प्रेरणा माझ्या शाळेकडून दोनशे मीटर पळणार होती. शर्यतीआधी सारिका धापा टाकत मैदानाच्या फाटकाशी आली. पिशवीत एक डबा. वर बैलाचं चित्र.

"सर, सकाळी घरी गेलते. आई प्रेरणाच्या दुधात ह्ये घालत व्हती. मला बी त्या जत्रंला ह्येच दिलतं, गोरखनं आज कबूल केलं."

मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. सारिकाच्या चाचणीत सापडलेलं औषधच त्यात होतं.

"गोरखला तेव्हापासून माहीत होतं?"

"चौकशीच्या वक्तालाच त्याला कळलतं. आज मला म्हन्ला, तुजं तर गेलंच व्हतं, बैलांचं नाव कशाला घालवायचं? आन् प्रेरणाचं काय म्हन्लं तर म्हन्तो, तालुक्याला कुटं तपासत्यात?" तिनं माझा हात धरला. "सर, आज तिला पळवू नका. एकदा जित्ली की ती त्या दुधाबिगर पळायची न्हाई. आन् आईला ह्यातलं काय सांगू नका. ती जीव देईल."

माझ्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. वीस वर्षांत शाळेला तालुक्याची ढाल मिळाली नव्हती.

"पुढच्या वेळेला बघू," मी म्हणालो.

तिनं माझा हात सोडला.

प्रेरणा पहिली आली, तीसुद्धा दहा पावलांनी. कस्तुराबाई लुगडं सावरत धावली, नातीला कवटाळून तिची दृष्ट काढली. फाटकाशी उभ्या सारिकाकडे तिची नजर गेली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती पोरीशी बोलली, सगळ्या तालुक्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"बग, काय न घेता असं जित्त्यात!"

लोक हसले. सारिकानं पिशवी पदराआड घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत होतो.