सरदारसाहेबांची लाल गाडी डावीकडेच का ओढायची

ब्रेकच्या ड्रममध्ये धूळ कशी साचते, ठाऊक आहे? मुद्दाम कुणी भरत नाही. पण उघडून उलटा केला की मूठभर निघतेच! किस्स्यांचंही तेच. मोटारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत मी अर्धा जन्म काढला. कुणी विचारलं की ड्रम उलटा करते. आज तुम्ही विचारलंत, आता कपडे सांभाळा.

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट, संस्थान होतं तेव्हाची. लश्कर शहरात, खासगी बाजाराच्या मागे आमच्या सरदारसाहेबांची हवेली, आणि आवारात मोटारखाना. आमचे हे, रामभाऊ, तिथले मिस्त्री. माझी शाळा तिसरीपर्यंत, ह्यांची त्याहून एक यत्ता कमी. पण मोटारीचा आवाज ऐकून तिला कुठं दुखतंय ते सांगायचे. बोलायचे मात्र मोजकं. घरातलं बोलायचं खातं माझ्याकडे होतं.

सगळ्या मोटारींत लाडकी एक. लाल टू-सीटर! परत चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून सरदारसाहेबांनी घेतलेली. वर छत नाही, चाकं तारांची, आणि धावायची अशी की पुसू नका. हुसेनभाई ड्रायव्हर म्हणायचे, "भाभी, ये गाडी नहीं, अफवाह है! यहाँ से निकली, वहाँ पहुँच गई!"

धावण्याबद्दल तक्रार नव्हतीच. झगडा सगळा थांबण्याचा.

*

दोन महिने गाडी शहाण्यासारखी वागली. मग एका सकाळी सरदारसाहेब स्वतः चालवत खासगी बाजारातून निघाले. समोर म्हैस आली. त्यांनी ब्रेक दाबला. म्हैस वाचली. पण गाडीनं डावीकडे असं तोंड फिरवलं की सरळ हलवायाच्या दुकानात! जिलबीची परात एकीकडे, पाकाची कढई दुसरीकडे, आणि सरदारसाहेबांच्या फेट्यावर एक अख्खी जिलबी.

हलवाई हात जोडून उभा. म्हणाला, "हुजूर, हुकुम कर देते! जलेबी हम हवेली पहुँचा देते!"

सगळा बाजार हसला. सरदारसाहेब हसले नाहीत. घरी येऊन ह्यांना समोर उभं केलं. "रामभाऊ, दसऱ्याला सगळे सरदार मैदानावर येणार. त्यांच्यासमोर मी ही गाडी नेणार. खंडेनवमीच्या सकाळी तिची परीक्षा. सरळ थांबली तर ठीक. नाही तर मुंबईहून मिस्त्री बोलावतो. वरच्या दोन खोल्या मग त्याला लागतील."

हे म्हणाले, "जी सरकार."

वर येऊन जेवले, हात धुतले, तेव्हा कुठे मला सांगितलं. मी म्हटलं, "खोल्या जाणार, हे जेवायच्या आधी का नाही सांगितलं?"

म्हणे, "वांग्याची भाजी होती."

*

आता त्या गाडीचे ब्रेक कसे ते सांगते, घाबरू नका. मला समजले तर तुम्हालाही समजतील. हल्लीसारखं त्यात नळीतून तेल नव्हतं. पेडलपासून चारी चाकांपर्यंत लोखंडी दांड्या नि तारा. पेडल दाबलं की तार ओढायची, आणि चाकाच्या ड्रममध्ये पट्टा घासायचा. चारी सारखे घासले तर गाडी सरळ थांबणार. एकटाच घासला तर त्या बाजूला ओढणार. बैलजोडीसारखंच की!

कोणतं चाक काम करतं आणि कोणतं आळशी, हे पाहायची ह्यांची रीत सोपी. हुसेनभाईंनी चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारायचा, मग ह्यांनी चारी ड्रमना हात लावायचा. तापला तो कामाचा, गार तो कामचोर. पहिल्याच दिवशी पुढच्या डाव्यानं बोटं भाजली. बाकी तिन्ही गार!

ह्यांच्या बोटांना तूप लावून मी वैतागले. दुसऱ्या दिवशी खाली चार पापड घेऊन गेले. म्हटलं, "बोटं कशाला जाळता? पापड टेकवा." हे रागावले. पण टेकवला! डाव्यावर पापडाला फोड आले, बाकीचे जसेच्या तसे.

त्यानंतर रोज सकाळी हुसेनभाई खालून ओरडायचे, "भाभी, पापड भेजो!" आणि जरा वेळानं, "मिस्त्रीजी, पीछे का दाहिना तो आज भी कच्चा है!"

*

मग ह्यांनी ते तीन आळशी ड्रम उघडले. आतले पट्टे तेलानं ओलेचिंब. तेल लागलेला पट्टा घासेल कुठून? घसरणारच. हे म्हणाले, इंजिनाचं किंवा धुऱ्याचं तेल उतरलं असणार. दोन दिवस शोधलं. कुठेच गळत नव्हतं.

मी खाली चहा घेऊन गेले होते. एक पट्टा उचलला, नाकाशी नेला आणि म्हटलं, "अहो, हे तर चमेलीचं तेल!"

ह्यांनी पट्टा हिसकावला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला कोपऱ्यात नेलं. "चूप! कुणाला बोललीस तर बघ!"

"का?"

"सरकार गाडी घेऊन कुठे गाणंबिणं ऐकायला जात असतील. कुणा बाईच्या केसांचं असेल. मोठ्यांच्या घरच्या गोष्टी!"

मी म्हटलं, "अहो, बाई गाडीत बसेल की चाकात?"

ह्यांनी विचार केला. खूप वेळ केला. मग म्हणाले, "तरी चूप."

*

मी कशाची चूप बसते! चमेलीचं तेल हवेलीत एकाच खोलीत यायचं, आईसाहेबांच्या देवघरात. आईसाहेब म्हणजे सरदारसाहेबांच्या मातोश्री. त्यांच्या मारुतीला दर मंगळवारी तेच तेल लागायचं. मी लगेचच्या मंगळवारी सकाळीच मोटारखान्यात पिंपांच्या आड जाऊन बसले.

सात वाजता आईसाहेब आल्या. पांढरं लुगडं, हातात चांदीचं तांब्याएवढं भांडं. पुटपुटत गाडीपाशी गेल्या आणि धार धरली चाकावर! तारांमधून तेल ओघळत ड्रमवर, आणि ड्रमला पट्ट्याचं माप बघायचं भोक असतं, त्यातून आत. एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं, पुढचं डावं, कोपऱ्यात भिंतीला लागलेलं. तिथवर हात जाईना. त्याला त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

मी बाहेर आले. "आईसाहेब, हे काय?"

दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "काय म्हणजे? शुभकार्याला माणूस निघाला की उंबऱ्यावर तेल घालतो ना आपण? बाळ आता चाकांवरून जातो. त्याचा उंबरा हाच! माझा लेक सुखरूप परत यावा म्हणून घालते."

लेकाला सुखरूप ठेवायला घातलेल्या तेलानंच लेक जिलब्यांत गेला होता. पण हे त्या माउलीला सांगायचं कोणी? आमचे हे तर पिंपात शिरून बसले असते.

मग मीच डोकं चालवलं. "आईसाहेब, गाडी आता घरचीच झाली ना? म्हणजे लेक. माहेरवाशिणीच्या पायावर आपण दूधपाणी घालतो. तेल परक्या उंबऱ्याला."

त्यांना पटलं. "खरंच गं सुभद्रे, माझ्या ध्यानातच नाही आलं!"

मी खुशीत वर आले. ह्यांना म्हटलं, "मिटवलं!"

पुढच्या मंगळवारी हुसेनभाईंची हाक. "मिस्त्रीजी, जल्दी आइए! मोहल्ले की सारी बिल्लियाँ गाडी चाट रही हैं!"

*

माझी अक्कल मलाच भोवली. ह्यांनी फडकं आणि बादली माझ्यापुढे आणून ठेवली. ते बोलण्यापेक्षा वाईट.

मी परत आईसाहेबांकडे. "आईसाहेब, मिस्त्री सांगत होते, गाडी चाकानं नाही थांबत. मालकाच्या उजव्या पायानं थांबते. खरा उंबरा म्हणजे तो पाय!"

त्या मंगळवारपासून सरदारसाहेब निघाले की आईसाहेब देवघरातून हाक मारायच्या, "बाळ, उजवा पाय पुढे कर!" बाळाचं वय चाळीस. मिशा कानापर्यंत.

हुसेनभाईंनी मला विचारलं, "भाभी, सरकार मंगल को एक ही मोजा क्यों पहनते हैं?"

मी म्हटलं, "विलायती फॅशन असेल!"

*

चाकांवरचं तेल थांबलं, दूध थांबलं, पण पट्टे मुरलेले होतेच. नवे मुंबईहून यायला महिना लागला असता. खंडेनवमीला दहा दिवस! ह्यांनी ते पेट्रोलनं धुतले. तरी चमेली जाईना. मग म्हणाले, धुण्याच्या सोड्यात उकळायचे. खाली शेगडी नव्हती. तेव्हा माझ्या चुलीवर, माझ्याच पुरणाच्या पातेल्यात!

रटरट शिजत होते. तेवढ्यात हुसेनभाई दारात. "भाभी, क्या पक रहा है? महक कुछ अलग है."

मी म्हटलं, "खास मुंबईची डिश आहे. चमेलीचा रस्सा. बसा, वाढते."

बिचारे बसलेसुद्धा! मी ताटली ठेवली, चिमट्यानं एक पट्टा काढून वाढला, वर लिंबाची फोड. हुसेनभाईंनी एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग गंभीरपणे म्हणाले, "नमक कम है."

ह्या माणसापुढे मी पहिल्यांदा हरले!

*

पट्टे वाळवून, घासून, परत रिव्हेट मारून बसवले. आता तारा सारख्या करायच्या. एक तार ताणून लांब झाली होती, ते चाक उशिरा धरायचं. हे गाडीखाली झोपून नट फिरवायचे आणि पेडलवर माणूस लागायचा. हुसेनभाई बग्गी घेऊन आईसाहेबांबरोबर हजिरा मोहल्ल्याकडे गेलेले. उरले कोण? मी! पदर खोचून बसले टू-सीटरमध्ये.

खालून हे, "दाब!" मी दाबायची. "सोड!" मी सोडायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती. ह्यांचं मी इतकं ऐकण्याची ती पहिलीच वेळ. खालून मला ह्यांचा आवाज जरा खूश वाटला.

तेवढ्यात सरदारसाहेब आले. त्यांच्या गाडीत, त्यांच्या जागेवर, लुगड्यातली बाई!

"मिस्त्री कुठेय?"

"खाली आहेत, सरकार." गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय हळूच आत गेले.

"आणि बाई, तू गाडी चालवतेस?"

"नाही सरकार. चालवता तुम्ही. मी फक्त थांबवते."

सरदारसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. हसू होतं की राग, मिशीमुळे कळायचं नाही. "नवमीला बघू, कोण थांबवतं ते," म्हणाले आणि गेले. ते दोन पाय त्यानंतरही बराच वेळ बाहेर आले नाहीत.

*

आणि मग ती खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. पहाटे ह्यांनी नट पिळायचे पाने, हातोड्या मांडून हळद-कुंकू वाहिलं. मी ट्रंक बांधून ठेवली होती. ह्यांना सांगितलं नव्हतं, पण ह्यांनी पाहिली होती.

परीक्षेची जागा किल्ल्याच्या उरवाई दरवाजाचा उतार. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वर उभं राहिलं की खालच्या माणसाची टोपीच दिसते. आम्ही सगळे पायथ्याशी जमलो. आईसाहेब बग्गीतून आलेल्या, हातात प्रसादाचा डबा.

सरदारसाहेबांनी हातमोजे चढवले आणि म्हणाले, "रामभाऊ, ब्रेकवर भरवसा आहे?"

"जी सरकार."

"मग खाली रस्त्याच्या मधोमध उभा राहा. मी वरून येतो. तुझ्यापुढे थांबतो."

मी ह्यांची बाही धरली. ह्यांनी मात्र टोपी नीट केली, चालत गेले आणि मधोमध उभे राहिले. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पुढचा डावा सोडून बाकी तिघांचे पट्टे तुझ्या पातेल्यातले आहेत."

आता हे धीर देणं होतं की दोष देणं, देव जाणे!

मी धावत आईसाहेबांकडे गेले आणि कानात सांगितलं काय चाललंय ते. आईसाहेब बग्गीतून उतरल्या. "बाळ! कुणाच्या लेकराच्या अंगावर गाडी घालतोस? थांब. मी बसते तुझ्या शेजारी. बघते कसा चालवतोस ते!"

"आईसाहेब, तुम्ही? ह्या गाडीत?"

"सरक!"

आईसाहेब जन्मात कधी मोटारीत बसल्या नव्हत्या. प्रसादाचा डबा मांडीवर, डोक्यावरून पदर, डोळे गच्च मिटलेले, तोंडात मारुतीचं नाव. गाडी वर गेली, वळली. आम्हाला खालून नुसता लाल ठिपका दिसत होता.

मग ठिपका सुटला!

काय ती येत होती हो! हुसेनभाईंनी कान धरले. मी डोळे मिटायचे ठरवले, पण मिटेचनात. हे मधोमध खांबासारखे. चाळीस हात, तीस हात, वीस हात... मग कर्र करून आवाज आला. धूळ उडाली. गाडी थांबली. सरळ! सुतासारखी सरळ! ह्यांच्या धोतराच्या काठाला पुढचा लोखंडी बार टेकला न टेकला एवढंच अंतर.

सरदारसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. आईसाहेबांनी हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा. आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग वर उताराकडे. पदर खोचला, प्रसादाचा डबा काखेत मारला आणि म्हणाल्या,

"बाळ, परत वर चल! आणि रामभाऊ, तू तिथून हलू नकोस!"