नाखव्यांची ठेव

नाखव्यांना बोट लागायची. जन्म मोरा बंदरावरच्या कोळ्याच्या घरातला, पण लाँच जेट्टीवरून सुटली की पाचव्या मिनिटाला ते कठडा धरून उभे असत. तिन्ही भाऊ समुद्रावर गेले. हे द्रोणागिरीतल्या एका गोदामात शीतगृहाची यंत्रं सांभाळायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. 'नाखवा' हे नाव भावांनी चिडवायला ठेवलेलं. बोट नसलेला नाखवा. त्यांनी ते निमूटपणे घेतलं आणि बोनकोड्यातल्या आपल्या तळमजल्याच्या घरात, चार फुटी काचेच्या टाकीत, समुद्र पाळला.

सणाला भाऊ आले की टाकीसमोर उभे राहून हसत. थोरल्याचं वाक्य ठरलेलं होतं: "दर्या झेपला नाय, म्हनून डब्यात भरला." नाखवा चिडत नसत. "डब्यातला जास्त कठीन हाय," ते म्हणत. "तिकरं चुकलं तर दर्या सांभालून घेतो. इकरं चुकलं तर मीच चुकलो."

मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो आणि कोपरखैरण्याला त्यांच्यापासून दहा मिनिटांवर राहत होतो. त्यांच्यावर रविवारच्या पुरवणीत लेख लिहायला म्हणून गेलो. लेख छापून आला, मी जात राहिलो आणि त्यांच्याकडून शिकत घरी स्वतःची टाकी लावली. ते मला कधी नावानं हाक मारत नसत. "या पेपरवाले," म्हणत आणि स्टूल पुढे करत.

"आधी पानी, मंग प्रानी," हा त्यांचा पहिला नियम. माझ्या नव्या टाकीत सहा आठवडे दगड, वाळू आणि खारं पाणी यापलीकडे काही नव्हतं. दर रविवारी ते येत. खारेपणा मोजायची, छोट्या दुर्बिणीसारखी एक नळी त्यांच्या खिशात पेनासारखी खोचलेली असे. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवून ते खिडकीकडे तोंड करत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "थांबा." पाहुणे रिकाम्या टाकीबद्दल विचारत तेव्हा माझी बायको सांगायची, "नाखव्यांची परवानगी यायची आहे."

परवानगी आली तेव्हा आम्ही दुकानात गेलो. निळ्या प्रकाशात पेटल्यासारख्या दिसणाऱ्या एका मोठ्या प्रवाळाकडे मी बोट दाखवलं. नाखव्यांनी दुकानदाराला निळा दिवा बंद करून पांढरा लावायला सांगितला. प्रवाळ तपकिरी निघालं. "रंग दुकानाचा असतो. आपल्या घरी बूड येतं. बूड बघा," ते म्हणाले. बूड, म्हणजे दगडाला धरलेला भाग, घट्ट हवं. कुठे पांढरं पडलेलं, गळणारं नको. दुकानात येऊन तीन आठवडे झालेले हवेत. दगडी सांगाड्याच्या जातींना ते हातच लावत नसत. त्यांना कायद्यानं बंदी आहे, आणि नवशिक्याकडे त्या तशाही मरतात, असं त्यांचं म्हणणं. नवशिक्यानं मऊ जाती घ्याव्यात: अळंबीसारखं दिसणारं, चामड्यासारखं आणि बटण.

बटण म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढी चकती. कडेनं बारीक झालर, मध्ये तोंड. उजेडात उघडतं, धक्का लागला की मिटतं. त्याच्या अंगात विष असतं, म्हणून हातमोजे घालायचे. सुरुवातीला तळाशी, कमी उजेडात ठेवायचं आणि महिनाभर जागा बदलायची नाही. मी तिसऱ्याच दिवशी ते सरकवलं, हे नाखव्यांनी आल्याबरोबर ओळखलं. "नवीन सुनेला रोज खोली बदलाया सांगता काय?" एवढंच बोलले.

त्यांच्या टाकीतलं सर्वांत जुनं बटण हिरवं होतं, मध्ये नारिंगी. ते वहिनींनी निवडलेलं. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, बोनकोड्याच्याच. सकाळी त्या टाकीसमोर भाजी निवडत बसत आणि पहिलं बटण उघडलं की आतल्या खोलीत हाक देत. नाखवा हातातलं काम टाकून बघायला येत. त्या पुंजक्याचा एकेक तुकडा नाखवा प्रत्येक शिकणाऱ्याला देत. माझं धरून असा तो पाच घरांत गेला. मला देताना म्हणाले, "हे तुमचं नाय. ठेव हाय. माझं गेलं तर तुमच्याकरून घेनार. तुमचं गेलं तर मी देनार. पन गेलं तर सांगायचं."

बाहेरून आलेला कोणताही तुकडा ते आधी औषधाच्या पाण्यात बुडवत आणि मग महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवत. बटण खाणारी एक गोगलगाय असते. ती ज्या रंगाचं बटण खाते त्याच रंगाची होते, म्हणून सहज दिसत नाही. परत येणाऱ्या ठेवीला मात्र हा नियम नव्हता. "माहेरी आलेल्या पोरीला कोन ओटीवर बसवतं?" ते म्हणाले होते.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं, मीठ मागं राहतं. तेवढं गोडं पाणी रोज घालायचं, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. निवडणुकीच्या दिवसांत मी तीन आठवडे टाकीकडे पाहिलं नाही. पाणी चार बोटं खाली गेलं होतं. ते दिसल्यावर मी गोड्या पाण्याची अख्खी बादली एकदम ओतली. बटणं मिटली ती पुन्हा उघडली नाहीत. आठव्या दिवशी दगड मोकळा झाला.

माझी टाकी मार्गी लागल्यापासून नाखवा रविवारी येत नसत, फोन करत. तो 'हॅलो'नं सुरू होत नसे. "बटन उघडलं?" हे त्यांचं हॅलो. त्या आठवड्यातही त्यांनी तेच विचारलं. मी म्हणालो, "उघडलं." पेपरात चूक गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. आमच्याकडे ते काम अनेक वर्षं माझ्याकडे होतं. ही दुरुस्ती मी केली नाही. चार महिने गेले.

मे महिन्यात वहिनींना अर्धांगाचा झटका आला. नाखवा दोन दिवस इस्पितळात होते. त्याच दोन दिवसांत गावातली वीज गेली आणि टाकीतला पंप बंद राहिला. बरंच काही मेलं. हिरव्या पुंजक्याची चार तोंडं कशीबशी उरली. वहिनी घरी आल्या तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती आणि शब्द सुटे सुटे झाले होते. नाखव्यांनी त्यांचा पलंग टाकीसमोर लावला. सकाळी बटण उघडलं की त्या डाव्या हातानं दाखवत आणि एक शब्द बोलत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्यानं बोलतील ते चालू ठेवा.

नाखव्यांनी पाचही घरं आठवून पाहिली. दोघं शहर सोडून गेले होते. दोघांची ठेव मेली होती; त्यांनी ते तेव्हाच सांगितलं होतं, पण पुन्हा नेली नव्हती. राहिलो मी. मला फोन करून ते म्हणाले, "पेपरवाले, अर्धी ठेव द्या. चार तोंडं कमीच हायत. तिला लांबून दिसत नाय."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी दुकानात गेलो, हिरवं-नारिंगी बटण शोधलं आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून बोनकोड्याला नेलं. नाखव्यांनी हातमोजे घातले, तुकडा उजेडात धरला, उलटा करून बूड पाहिलं.

"तुमच्याच टाकीतलं ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी तो तुकडा औषधात बुडवला नाही. डब्यातलं पाणी टाकीतल्या पाण्याला सरावल्यावर तो त्या चार तोंडांच्या शेजारी ठेवला. "माहेरी आली," ते वहिनींना म्हणाले. वहिनी हसल्या, चेहऱ्याच्या एका बाजूनं.

दोन आठवड्यांनी पुंजका संपला होता. नवा तुकडा आणि जुनी चार तोंडं, दोन्ही. तळाच्या दगडाखाली नाखव्यांना हिरव्या गोगलगायी सापडल्या.

त्या रविवारी ते माझ्याकडे आले. टाकीत अर्धी ठेव राहिली असायला हवी होती, तिथे कोरा दगड होता. त्यांनी तो पाहिला. मग खिशातली नळी काढली, थेंब ठेवला, खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटला. "पानी बरोबर हाय," म्हणाले. चहा घेतला. दाराशी चपला घालताना बोलले, "गेलं तवाच सांगायचं होतं, पेपरवाले. माझ्याकरून पन दोनदा गेलंय." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर ते वहिनींना घेऊन मोऱ्याला भावांकडे राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. टाकी रिकामी करून पुसून ठेवली होती. वहिनी थांबत थांबत मला सांगू लागल्या, "बटन... गेलं. यांच्या हातून... पानी चुकलं." नाखवा त्यांची उशी नीट करत होते. "हो, चुकलं माझं," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. खरं सांगायचा नियम ज्यानं घातला, त्यानं तो माझ्यासाठी मोडला होता. मी तो मोडू दिला. निघताना त्यांनी टाकीतून वाचलेल्या चामडी प्रवाळाचा तुकडा माझ्या हातात दिला. "ठेव हाय," म्हणाले. "गेली तर सांगायचं."

पुढच्या वर्षी नाखवा गेले. मी मोऱ्याला गेलो. घरात भाऊबंद बसले होते. मी कोण ते कळल्यावर टाकीचा विषय निघाला. थोरला भाऊ सगळ्यांना सांगत होता, "आयुष्यभर दर्यात गेला नाय, न डब्यातला पन त्याला राखता आला नाय." लोक हसले. रागानं नाही, मेलेल्या माणसाची आठवण काढून हसतात तसे.

मी म्हणालो की पाणी त्यांच्या हातून चुकलं नव्हतं. त्यांची ठेव माझ्याकडे मेली, मी ती लपवली, दुकानातलं बटण त्यांचं म्हणून दिलं, आणि त्यातून आलेल्या किडीनं उरलेलं खाल्लं. सगळं क्रमानं सांगितलं. एकानं विचारलं, "बटन म्हंजे?" कुणीतरी माझ्यापुढे चहा ठेवला. थोरल्या भावानं मान हलवली आणि लाँचच्या वेळेबद्दल बोलायला लागला.

वहिनी खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डाव्या हातानं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मंग... ते... माझ्याशी खोटं बोलले?"

"हो. माझ्यासाठी."

त्यांनी खिडकीबाहेर, जेट्टीकडे पाहिलं. मग विचारलं, "ती... दुसरी ठेव? हाय?"

आहे, मी सांगितलं. वाढली आहे.

"गेली तर," त्या म्हणाल्या आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला, "मला... सांगायचं."