नाहूरहून पार्ल्याला, कथालेखन शिकायला

लोक लडाखला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी नाहूरहून विलेपार्ल्याला गेले. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. पूर्व उपनगरातून पश्चिमेला जाणं म्हणजे काय, ते आमच्या बाजूच्या माणसालाच विचारा.

पार्ल्यातल्या एका विद्यापीठात शनिवार-रविवारी कथालेखन शिकवतात आणि वयाची अट नाही, असं कळलं होतं. मी पन्नाशीला टेकलेली, सगळी नोकरी हिशेब खात्यात गेलेली. अर्जात पहिली पसंती कथालेखन लिहिली, दुसरी पटकथालेखन. पटकथेत मला काडीचा रस नव्हता, पण तो रकाना मोकळा सोडता येत नव्हता. सोबत एक कथा जोडायची होती. आता मुलाखतीला बोलावलं होतं. ती जागा मला इतकी हवी होती, की आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं.

निघताना आईने दारातच थांबवलं.

"नीट बोल गो थंय. घरातला घरात." (तिथे नीट बोल. घरातलं घरात.)

आमच्या घरचा हा नियमच. आम्ही मालवणकडचे, वडील गिरणीत. लालबाग सोडून नाहूरला आलो, तेव्हा शेजारी सगळे कचेरीत जाणारे होते. आईने तोंड उघडलं की जिन्यात हशा पिकायचा. तेव्हापासून पायात चपला सरकवल्या की मालवणी बंद. आई आजही दारावरच्या भाजीवाल्याशी छापील मराठीत घासाघीस करते.

घाटकोपरपर्यंत बस, तिथून मेट्रो. साकीनाक्याला खाली पत्र्यांची छपरं, त्यांखालचे गाळे, वेल्डिंगच्या ठिणग्या. वर आम्ही थंड हवेत. मी कथा पुन्हा वाचायला घेतली. ती माझ्या मावशीवरून सुचली होती. नवऱ्याचं घर सोडून ती एकटी मुंबईला आली आणि पहिल्याच दिवशी घरमालकाशी भररस्त्यात भांडली. पहिल्या खर्ड्यात ती मालवणीत भांडत होती. अर्जाआधी एका रविवारी बसून मी तिलाही चपला घातल्या. एक 'गो'सुद्धा राहू दिला नाही.

अंधेरीला उतरल्यावर दोन रिक्षावाल्यांनी मान हलवली. "इतना पास नहीं जाएगा." तिसऱ्याने नेलं, पण विद्यापीठाच्या मागच्या, बंद फाटकाशी सोडलं. भिंतीला वळसा घालता घालता एक उपाहारगृह लागलं. साबुदाणा वडा गार होता, चटणी मात्र झकास होती.

आत बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. ईशा नाव, पार्ल्यातलीच, नुकती बीए झालेली. शिपायाने नावं पुकारली तेव्हा तिने कान टवकारले.

"काकू, तुम्ही सावंत ना? म्हणजे कोकणातल्या! मालवणी येत असेल तुम्हाला. माझ्या कथेत आमच्या स्वयंपाकाच्या मावशी आहेत, त्यांचे डायलॉग जरा बघता का?"

तिने कागद पुढे केला. निम्मं बरोबर होतं, निम्मं टीव्हीवरून उचललेलं.

"मला नाही येत गं," मी म्हटलं. पायात चपला होत्या ना.

मुलाखतीला एक बाई आणि एक सर होते. बाईंनी माझी कथा उघडली.

"गोष्ट छान आहे हो. पण ही बाई कोकणातून आली आहे, रस्त्यात भांडते आहे, आणि म्हणते काय, तर 'आपण मला समजता तरी काय?' असं कोण भांडतं?"

दोघंही हसले. जिन्यातलं हसणं मी बरोबर ओळखलं, फक्त या वेळी ते उलट्या कारणाने होतं.

"मालवणी येते तुम्हाला? दोन वाक्यं बोलून दाखवा ना," सर म्हणाले.

"माका काय समाजलंस?" हे जिभेच्या टोकावर होतं. मावशीचं ते वाक्य मी घरात हजारदा ऐकलंय. पण तोंड काही उघडेना.

"तशी सवय नाही हो," मी म्हटलं.

"तुमचं मराठी मात्र स्वच्छ आहे. एक चूक सापडली नाही." सरांनी वहीत काही टिपलं. "कथालेखनात नाही जमणार, पण आमचा मुद्रितशोधनाचा अभ्यासक्रम घ्या. तिथे जागा आहेत."

"म्हणजे मी इतरांच्या कथा तपासायच्या?"

"चांगली मागणी आहे त्याला," सर म्हणाले.

मी बाहेर येऊन पाणी पीत बसले. माझ्यामागून आत गेलेली ईशा थोड्या वेळाने उड्या मारतच बाहेर आली. "काकू, घेतलं मला! मावशींचे डायलॉग जाम आवडले त्यांना. मातीचा वास आहे म्हणाले!"

मी तिचं अभिनंदन केलं. मला तिचा राग आला, आतल्या दोघांचा आला, जिन्यातल्या शेजाऱ्यांचा तर फारच आला, आणि त्यांतले बरेचसे आता हयातही नाहीत. जी भाषा आम्ही उभा जन्म दाराआड कोंडून ठेवली, तिला बाहेर कधी भाव आला ते आम्हाला कुणी कळवलंच नाही.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. साकीनाक्याच्या गाळ्यांकडे या वेळी मी पाहिलं नाही. माझी कथेतली मावशी मांडीवर होती, पिशवीत घालून, तोंड बंद.

आईने दार उघडलं. "काय झाला गो?"

"नाही मिळाला प्रवेश," मी म्हटलं. मी अजून उंबऱ्याबाहेरच होते.

तिचा चेहरा उतरला. मग तिने हळूच विचारलं, "थंय मालवणी नाय मा बोललंस?" (तिथे मालवणी नाही ना बोललीस?)

"एक शब्दही नाही."

"बरा केलंस," आई म्हणाली, आणि समाधानाने माझं ताट वाढायला आत गेली.