लिफ्टबाई बोलल्या

पार्सलच्या गोदामात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याबिण्याशी संबंध शून्य. त्याचं यंत्र बोलायचं आणि हा ऐकायचा, एवढंच. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून पार्सल सरकायचं, यंत्र त्यावर अगदी मंद लहरी सोडायचं, आणि आत स्फोटक पूड असली की ती पूड त्याच सुरात ओ द्यायची. टूंऽऽ! खोकं उघडायचीही गरज नाही.

भानगड एकच. भिंतीपलीकडची मालाची लिफ्ट हलली, की तिच्या मोटारीपायीही यंत्र टूंऽऽ करायचं. म्हणून नियम असा, की टूं झालं की खिडकीतून लिफ्टचा दिवा बघायचा, ती थांबली की पार्सल पुन्हा सरकवायचं. पण ‘लांडगा आला’ किती वेळा ऐकायचं माणसानं? हळूहळू कानसेनची मान खिडकीकडे वळेनाशी झाली. टूं झालं की “लिफ्टबाई बोलल्या!” म्हणून गडी पुढचं पार्सल ओढायचा.

त्या दिवशीही खाकी कागदातलं एक खोकं आलं. टूंऽऽ. “लिफ्टबाई!” खोकं गेलं. इतर मालाबरोबर ते घेऊन त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गाडी काढून निघालासुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत मुकादम घाम पुसत आला. “मी काय म्हणतो” म्हटल्याशिवाय मुकादमाचं वाक्यच सुरू व्हायचं नाही.

“मी काय म्हणतो, कंबरडं मोडलं रे! सकाळपासून सगळा माल जिन्यानं.”

“का? लिफ्ट?”

“मी काय म्हणतो, मोटारच काढून नेलीय दुरुस्तीला.”

कानसेननं हातातला घास डब्यात टाकला. त्यानं मेहुण्याला फोन लावला.

“गाडी बाजूला घे. उतर. लांब जा.”

“अहो भाऊजी, झालं काय? ताईनं डबा आळणी दिला का?”

“ते खाकी खोकं...”

“ते होय! मागे आपटत होतं, म्हणून शेजारच्या सीटवर घेतलंय. पट्टासुद्धा लावलाय लाडोबाला!”

“उतर म्हणतो ना!”

मग त्यानं मुकादमाला सगळं सांगितलं. मान वळवली नाही, हेही. “पोलिसांना फोन लाव,” मुकादम एवढंच म्हणाला. ‘मी काय म्हणतो’ निघालंच नाही तोंडून.

रस्ता बंद केला, जाड चिलखतातली माणसं आली, खोकं उचलून घेऊन गेली. यंत्र खरं बोललं होतं.

संध्याकाळी मेहुणा बहिणीकडेच आला. एरवी घर डोक्यावर घेणारा हा पोरगा पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला होता. बायकोनं दोघांना वाढलं. आवाज चढवला नाही.

“मान वळवायला काय जातं हो?”

कोपऱ्यात काहीतरी गुणगुणायला लागलं. कानसेन ताडकन उठला, वाकून बघून आला.

फ्रिजच होता.