भांड्यावरचं नाव

मुलुंडच्या पोतनीसबाईंकडे हळदीकुंकवाला गेलेली बाई त्यांच्या भांड्यांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय परत निघत नसे. सन शहाऐंशी उजाडलं होतं. आळीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत स्टीलचा लखलखाट झाला होता आणि पोतनीसबाईंची आमटी अजून जाड बुडाच्या पितळी पातेल्यातच उकळत होती. भात तपेलीत, कणीक परातीत, पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात. वर्षातून दोन-तीनदा त्या कल्हईवाल्याला कुठून कुठून शोधून आणत आणि त्याचं काम संपेपर्यंत पाट टाकून त्याच्यासमोर बसत. कुणी थट्टा केली की म्हणत, तुमच्या स्टीलमध्ये बुडाला लागतं, मग बसा घासत. त्यात खोटं काही नव्हतं. त्या पातेल्यात दूध कधी लागलं नाही आणि त्या उभ्या डब्यांची झाकणं अशी घट्ट, की भर श्रावणातही पोहे कुरकुरीत राहत. शोभेला म्हणून फळीवर मांडलेलं त्यांच्याकडे एकही भांडं नव्हतं. चांगली वस्तू रोज वापरली नाही तर ती रुसते, असं त्यांचं मत होतं.

प्रत्येक भांड्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, 'सौ. जयंती वि. पोतनीस'. बघणाऱ्याला वाटे, बाईंचंच. बाई तसं वाटू देत. खरी गोष्ट अशी, की ते नाव भांड्यांवर आधी आलं आणि बाईंवर नंतर.

बाईंचं माहेर वाकोल्याचं, आणि माहेरचं नाव प्रेमा. एक्कावन्न साली त्यांचं लग्न ठरलं तेव्हा नवरा बिजवर होता. विद्याधर पोतनीस, वय तीस, सरकारी कचेरीत कारकून, पहिली बायको दोन वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेलेली, मूलबाळ नाही. लग्न लागलं, वरात मुलुंडला आली आणि ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहायची वेळ झाली. विद्याधरांनी अंगठी हातात घेऊन आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जयंतीच ठेव. एवढ्या भांड्यांवर घातलेलं आहे. तासत बसलं तर चांगल्या पितळेचा भुगा व्हायचा."

जमलेल्या बायका हसल्या. सासू कशी हिशेबी, म्हणून कौतुकही झालं. विद्याधरांनी तांदळात नाव काढलं आणि ते भरभर काढलं, कारण अकरा वर्षांपूर्वी त्याच घरात, बहुधा त्याच ताटात, त्यांनी ते एकदा काढलेलं होतं. वीस वर्षांची प्रेमा मान खाली घालून ती अक्षरं बघत राहिली. दुसरीचं नेसून सोडलेलं लुगडं अंगाला गुंडाळावं तसं तिला झालं. पण नव्या नवरीनं बोलायचं नसतं, म्हणून ती बोलली नाही.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. इथे मात्र दुसरं भांडं कधी वाजतच नव्हतं, आणि तरी ते घरात होतं. देव्हाऱ्यात सवतीचा चांदीचा टाक होता. नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं आणि मग नेसायचं. तेवढं एक वेळ चाललं असतं, टाक काही अंगाला लागत नाही. भांडी लागत होती. काही भांडी पहिलीनं माहेरून आणलेली, बाकीची नऊ वर्षांत एकेक निवडून घेतलेली, आणि निवडणारीची नजर पक्की होती. परात हातात घेतली की तिचा तोल कळे. कढईचे कान तळहातात नेमके बसत. असलं पारखणारी बाई आपल्याला कुठल्या भावात काढील, असं नव्या जयंतीला सारखं वाटे. चिंच लावून भांडं घासावं, तसतसं ते नाव आणखी उजळे.

मग एकदा ते उलथणं तिच्या लक्षात आलं. पितळेचं, लांब दांड्याचं, रोजच्या वापरातलं. जगातली सगळी उलथणी ज्या कोपऱ्याला झिजतात, त्याच्या उलट कोपऱ्याला ते झिजलेलं होतं. तिनं ते उजव्या हातात धरून पाहिलं, डाव्यात धरून पाहिलं, आणि डाव्या हातात ते असं बसलं की तिच्या अंगावर काटा आला. पहिली डावखुरी होती. सासूबाईंच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात डाव्या हातानं रांधणारी सून एक दिवस टिकली नसती. म्हणजे ती चारचौघांत उजवा हात वापरीत असणार, आणि एकटी असली की डावा. नऊ वर्षं नवऱ्याला कळलं नाही, सासूला कळलं नाही. ते उलथण्यानं सांगितलं, आणि सांगितलं ते सवतीला.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून दुपारी तीनच्या सुमाराला, सासूबाईंचा डोळा लागला आणि नुकती उतरवलेली भांडी निवताना टक् टक् वाजायला लागली, की स्वयंपाकघरात आपण एकट्या नाही असं तिला वाटे. कुणीतरी भिंतीला टेकून बघतंय, आपलं पातेलं ही नीट पुसते की नाही. ती घाबरे आणि आणखी नीट पुसे. पुढे पुढे दुपारच्या त्या वेळी उलथणं तिच्याही डाव्या हातात जायला लागलं. लक्षात आलं की ती दचकून हात बदले.

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी बाहेरच्या खोलीतून विद्याधरांची हाक आली, "जयंती, चहा टाक." तोवर त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. तिच्या हातात पातेलं होतं. तिनं वळून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं, नुसती भिंत होती.

मग ती हाक रोजची झाली. बाईंना मुलगा झाला, तो शिकला, मोठा झाला. बैठं घर पाडून तिथे सोसायटी उभी राहिली आणि त्यांना दोन खोल्या मिळाल्या. नवरा वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी पहिलीचं कौतुक तोंडावर मारलं नाही. पण "जयंती" म्हणून हाक आली की बाईंच्या मनातली ती वीस वर्षांची पोर मागे वळून बघायचीच. हा माणूस हाक मारतो ती नक्की कुणाला, एवढं एक मरायच्या आत कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि उत्तर काय येईल या भीतीनं त्यांनी तेहतीस वर्षं विचारलं नव्हतं.

त्या वर्षी मुलाचं लग्न झालं. सून शुभा, बँकेत नोकरीला, बोलायला सडेतोड. बाईंना वाटलं होतं, ही आल्या आल्या पितळ मोडीत काढणार. झालं उलटंच. शुभानं एकेक भांडं उचलून पाहिलं आणि म्हणाली की आई, अशी वस्तू आता कुठे मिळते, आपण हीच वापरायची, आणि मुख्य म्हणजे यांच्यावर तुमचं नाव आहे. तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या बायकोचा विषय त्या घरात निघत नसे. पोरीनं ते प्रेमानं म्हटलं आणि बाईंना सुरी लागावी तसं लागलं. आपण मेल्यावर ही मुलगी आपली म्हणून जिची आठवण काढील, ती आपण नसूच, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

त्यांनी ठरवलं, भांडी ठेवायची आणि नाव तासून टाकायचं. एक तपेली पिशवीत घालून त्या घाटकोपरला एका जुन्या भांडीवाल्याकडे गेल्या. म्हाताऱ्यानं तपेलीला नखानं टिचकी मारली, कान लावला आणि खूश झाला. म्हणाला, माल जाड आहे, तासून काही बिघडणार नाही, पण नवं नाव काय घालू? कोरं राहू द्या, असं बाई म्हणाल्या. येत्या रविवारी सगळी घेऊन या, असं त्यानं सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी विद्याधर गॅलरीत सुपारी कातरत बसले होते. बाई शेजारी जाऊन बसल्या. तासायला एकदा टाकलं की विचारायला काही उरणार नव्हतं.

"अहो, तुम्ही मला हाक मारता तेव्हा तुमच्या मनात ती येते का?"

"कोण ती?"

"जयंती. पहिली."

विद्याधरांचा अडकित्ता थांबला. "तिला मी नावानं हाक कधी मारलीच नाही."

"नऊ वर्षांत?"

"आई बसलेली असायची ना समोर. बायकोला नावानं हाक मारायची सोय होती का तेव्हा? मी खाकरायचो. फार तर 'अगं ए'. आई 'सूनबाई' म्हणायची, बाकीचे वहिनी, काकू. आई गेल्यावर घर मोकळं झालं, तेव्हा तुला नावानं हाक मारायला लागलो." मग ते म्हणाले, "ती शेवटी तापात होती ना, तेव्हा एकदा वाटलं होतं, हाक मारावी. आई पायाशी बसली होती."

बाईंना एकदम हलकं वाटलं. तेहतीस वर्षांच्या सगळ्या हाका आपल्याच होत्या, एकही दुसऱ्या कुणाची नव्हती, या आनंदानं त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की तिचं माहेरचं नाव काय होतं.

विद्याधर आठवत राहिले. सुपारी तशीच मांडीवर राहिली. "लग्नात एकदा कानावर आलं होतं," ते म्हणाले. "नाही आठवत."

आणि माझं, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना विचारायची भीती वाटली. मघाचं हलकेपण गेलं होतं. जिला आपण इतकी वर्षं भ्यालो, जिच्यावर मनातल्या मनात जळलो, तिच्यापाशी डाव्या हाताचं ते गुपित आणि काठाखालची ती टिंबं, एवढंच होतं. तेही आपण उद्या घासून काढायला निघालो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी शुभा भांडी कागदात गुंडाळून गोणपाटात भरत होती. रिक्षा सांगून ठेवली होती. बाई येऊन तिच्यासमोर खाली बसल्या आणि भरलेलं एकेक भांडं परत बाहेर काढायला लागल्या.

"आई, काय करताय? नाव तासायचं होतं ना?"

"नको. राहू दे ते."

"मी तरी तेच म्हणत होते. स्वतःचं नाव कुणी तासतं का?"

"माझं नाही ते. जयंतीचं आहे."

शुभाला वाटलं, सासूबाईंचं कुठेतरी काहीतरी चुकतंय. तिनं हातातली परात खाली ठेवली. "जयंती तुम्हीच ना, आई?"

बाहेरच्या खोलीत विद्याधर पेपर वाचत होते. बाईंनी आवाज खाली आणला नाही.

"नाही गं. मी प्रेमा. लक्षात ठेवशील ना?"