केळीच्या खोडासाठी केलेलं भांडण

राग यायला मला कारण लागत नाही, हे आमच्या ब्राह्मणपुरीत कुणीही सांगेल. रागाच्या भरात माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात ना? मी तर त्याच्याही पुढे गेलो. धोंडा उचलायला चार गावची माणसं बोलावली आणि मग पाडून घेतला. चहा येईपर्यंत ऐका.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे, नाहीतर घरी बसा. यंदा हेडमास्तर म्हणाले, "दिनेश सर, बी.एड.ला नंबर लावा. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवणं माझ्या हातात नाही." आता बी.एड.ला जायचं तर आधी प्रवेश परीक्षा, आणि तिच्यात म्हणे आमचं विषयज्ञान तपासणार. इतकी वर्षं पोरांना विज्ञान शिकवतोय, आणि माझं ज्ञान तपासणार कोण, तर हे! डोकं तिथंच तापलं.

बायको वैशालीही बीएस्सी. तिनंही परीक्षा द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "दे की, अनुभव येईल." ती पुस्तक उघडून बसली. मी उघडलं नाही. मास्तरनं पुस्तक कशाला उघडायचं?

परीक्षा नंदुरबारला. गेटवर एक शिपाई. "बूट काढा. घड्याळ काढा. पूर्ण बाहीचा शर्ट चालत नाही." मी म्हटलं, बाहीत काय न्यूटन लपवलाय का? घंटा होईपर्यंत त्याच्याशी भांडलो आणि अनवाणी, बाह्या दुमडून, पेटलेल्या डोक्यानं आत जाऊन बसलो. पेपर कसा सोडवला ते देवाला ठाऊक.

काही दिवसांनी उत्तरतालिका लागली. मोबाईलवर उघडली, आणि पहिलीच नजर गेली ती एका प्रश्नावर. केळीचं खरं खोड कुठे असतं? तालिकेतलं उत्तर, जमिनीच्या वर.

अहो, वर दिसतो तो नुसता पानांच्या सोपटांचा गुंडाळा. खोड म्हणजे खालचा कंद. आमच्याकडे केळी लावतात तीच कंदानं. शहादा तालुक्यातल्या माणसाला हे उत्तर दाखवता? मी मोबाईल गादीवर आपटला. पुढचे मार्क मोजलेच नाहीत.

वैशालीनं मात्र शांतपणे मोजले. म्हणाली, "माले पास व्हवाले एक मार्क कमी पडी ऱ्हायना. केयीनं मी जमीनना खालेच लिखेल व्हतं."

झालं. आता तर प्रश्न इज्जतीचा होता. चुकीच्या उत्तरावर आक्षेप घेता येतो, आणि जितके जास्त लोक घेतील तितकं बरं. दुसऱ्या दिवशी वैशालीला घेऊन शहाद्याला गेलो आणि एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर परीक्षा दिलेली पोरंपोरी जमवली. म्हसावदचा कैलास आधीच हजर. त्यालाही एकच मार्क कमी. "दिनेश भाऊ, तू बोल. आमी तुन्हा मांगे शेतस."

मला एवढं पुरे. चढलो बाकड्यावर.

"ज्यानं कुणी 'जमिनीच्या वर' लिहिलं असेल ना, त्यानं मास्तर होऊच नये. म्हशी राखाव्यात. त्याला मार्क गेला तर सरकारचं वाटोळं झालं म्हणून समजा."

टाळ्या. टपरीवाल्यानंही वाजवल्या. मी आणखी चढलो.

"पेपर काढणाऱ्या सायबानं केळी फक्त डझनात पाहिलेली. बाग त्याच्या बापानं पाहिली होती का? त्याला वाटणार, वर दिसतं तेच खोड..."

आणि वाक्य तिथंच तुटलं.

कारण हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणत नव्हतो. परीक्षेच्या खोलीत, अनवाणी बसल्या बसल्या, तो प्रश्न वाचून अगदी हेच मनात म्हटलं होतं. ज्यांचा शिपाई माझ्या बाह्या मोजतो, त्यांना केळीतलं काय कळणार? त्यांना 'वर' हवं असणार. घ्या वर! आणि तोच गोल काळा केला होता, चांगला दाबून.

म्हणजे तालिकेतल्या चुकीनं मिळालेला तो मार्क माझाच होता.

मी बाकड्यावरून उतरलो. म्हटलं, "जाऊ द्या, एका मार्कासाठी एवढं काय." कुणी ऐकेना. मग डोकं चालवलं. "असं करू, प्रश्नच रद्द करा म्हणू. सगळ्यांना मार्क मिळतील, कुणाचं नुकसान नको."

कैलासच्या आधी वैशालीच बोलली. "रद्द कसाले? ज्यासनी चूक लिखं त्यासले मार्क कसाले? तुम्हीच बोलनात ना आते."

पुन्हा टाळ्या. या वेळी तिला.

मग काय, वरात निघाली इंटरनेटच्या दुकानात. मजकूर मीच सांगायचा, कारण राग माझाच जास्त. आणि माझं कसं आहे, एकदा सुरू झालो की राग परत येतो. पाठ्यपुस्तकाचा दाखला दिला. घरी येऊन एक झाड कंदासकट उपटलं आणि त्याचा फोटोही पाठवला. फोटोत कंद धरून मी उभा आहे, डोळे वटारून.

सगळे आक्षेप गेल्यावर गुपचूप माझे मार्क मोजले. त्या मार्कासकट बरोबर काठावर पास. तो गेला की बुडालो.

जन्मभर सरकारी कचेरीच्या नावानं बोटं मोडली. आता मात्र तिच्या आळसावर सगळी भिस्त ठेवून बसलो. आणि लोकहो, या एकदाच त्यांनी वेळेवर काम केलं. सुधारित तालिका आली. केळीचं खोड, जमिनीखाली.

वैशाली पास. कैलास पास. मी एका मार्कानं नापास.

संध्याकाळी कैलास पेढे आणि हार घेऊन दारात. "भाऊ, तुन्हामुळे व्हयनं." हार माझ्या गळ्यात घातला, फोटो काढला आणि माझे मार्क विचारायचं विसरून निघून गेला. मी हार ओरबाडून काढला. सगळ्या जगाचा राग आला होता, आणि समोर एकटी वैशाली होती.

"तुला माहीत तरी आहे का, मी त्या प्रश्नाला काय लिहिलं होतं?"

"माहीत शे."

"कधीपासून?"

"बाकडावर बोलता बोलता तुम्ही मधीच चूप व्हयनात ना, तवयच समजनं. भांडता भांडता तुम्हाले चूप व्हताना मी कधी देखेल नही."

"मग तिथंच बोलायचं ना! मी सगळं थांबवलं असतं."

तिनं पेढ्याचा पुडा उघडला, एक माझ्या हातावर ठेवला.

"म्हनीसनच नही सांगं," ती म्हणाली. "माले पास व्हनं व्हतं."