चैत्याचा ओळंबा

चैत्या गवंडी कुणाच्याही घरी गेला की पाणी मागायच्या आधी भिंतीकडे बघायचा. खिशात ओळंबा असायचाच. दोरी सोडायची, एक डोळा मिटायचा आणि घरधन्यासमोरच नाक मुरडायचं. "पोट सुटलंय हिचं!" तलासरीच्या आजूबाजूच्या पाड्यांवरची निम्मी घरं त्याने अशी हिणवून हिणवूनच सिमेंटची करून टाकली होती. त्याच्या बायकोला, रूपीला, हे ऐकून वीट आला होता. दोरीला टांगलेल्या लोखंडी गोळ्याला हा माणूस देवाहून मोठा मानायचा, आणि स्वतः मात्र दारू न पिताही वाकडातिकडा चालायचा.

त्यांच्या घराची भिंत कारवीच्या कुडाची. रूपी ती दरवर्षी शेणमातीने, हातानेच लिंपायची. काठी बाहेर आली तिथे तळवा बाहेर, आत गेली तिथे आत. खड्डा भरून सपाटी करायच्या फंदात ती पडायची नाही. जाड थर सुकला की सुटतो. कोनाड्याजवळचा फुगवटा ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचा. तो तिला डोळे मिटूनही सापडायचा.

लेकीचं, प्रगतीचं, लग्न ठरलं आणि चैत्याला चेव आला.

"गवंड्याचं घर आणि भिंत म्हशीच्या पाठीसारखी? पाहुणे तोंडात शेण घालतील."

"भिंतीवर लग्नाचा चौक काढायचाय, तुझी दोरी नाय टांगायची," रूपी म्हणाली.

ऐकतो कोण! ती बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला राहिली होती, तेवढ्यात याने कुडावर जाळी ठोकली, सिमेंट थापलं, वर पुट्टी आणि त्याच्यावर धुता येणारा चकचकीत रंग. रूपी परतली तर स्वतःच्याच घरात दवाखान्यात आल्यासारखं वाटलं. तिला त्याचा मनापासून राग आला.

लग्नाच्या आदल्या सकाळी सवाशिणी आल्या. दोन्ही घरच्या भिंतींवर देवीचं चित्र, म्हणजे चौक, निघाल्याशिवाय लग्न लागत नाही, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांच्यातली मोठी जमना. तिने गेरू फासला, तो ओघळला. तांदळाच्या पिठाची रेघ ओढली, तीही घसरत खाली आली. देवीच्या जागी नुसतं पांढरं पाणी.

जमनाने हात झटकले. "या गुळगुळीत ताटावर देवीला कुठं बसवू रं?"

अंगाला हळद लागलेली प्रगती दारात मुसमुसायला लागली. चैत्या मात्र अजून ताठच.

"डहाणू रोडला छापील चौक मिळंल. चिकटवू. सरळ तरी बसंल."

रूपीने त्याच्याच पिशवीतली छन्नी काढून त्याच्या हातात कोंबली. "फोड."

सिमेंट निघालं ते जुनी माती घेऊनच. आतल्या कारव्या उघड्या पडल्या. इतक्या वर्षांचे तिचे हात त्या ढिगाऱ्यात पडले होते. पण रडायला वेळ नव्हता. तिने शेणमाती कालवली. चैत्याने सवयीने थापी उचलली, तर तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. मग त्याने तळव्याने सुरुवात केली आणि सगळ्यात आधी काय केलं, तर खड्डा भरला. तो गोळा सुटून त्याच्याच पायावर पडला. सवाशिणी पदर तोंडाला लावून हसल्या.

"बाजूला हो, मिस्त्री," रूपी म्हणाली.

तिचा थर पातळ होता. ऊन कडक होतं, म्हणून दुपार कलताना भिंतीने गेरू धरला. फुगवटा होता तिथे परत आला आणि देवी नेमकी त्याच्यावर बसली.

जमना गाणं धरणार तोच चैत्याचा फोन वाजला. व्याही हिरू बोलत होता. त्याच्या घराची भिंत याच चैत्याने गेल्या वर्षी टोमणे मारून मारून चकचकीत करून दिली होती.

"चैत्या, तुझ्या हातच्या भिंतीवर आमचा चौक बसत नाय. आता लग्न कसं लागायचं?"

चैत्याने फोन रूपीच्या हातात दिला. रूपीने छन्नी कमरेला खोचली, शेणाची पाटी भरली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"चल. तो लोखंडी गोळा घरीच ठेव."

हिरूचा पाडा टेकडीपलीकडे. रूपी मागून चालताना बघत होती. डोक्यावरची पाटी कलंडू नये म्हणून चैत्या जन्मात पहिल्यांदा अगदी ओळंब्यात चालला होता.